हनुवटीवरचे तीन ठिपके

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की मी दुकानात कुणाशी धड बोलत नाही. माझी मुलगी रूपाली आता दुकान सांभाळते, तिला हे पाठ झालंय. परवा ती एका साडीच्या खोक्याचं चित्र करत होती. बाईच्या पदराला तिनं अशी काही झिरझिरीत सावली दिली होती, की पदरातून मागची फुलं दिसत होती. मी मागून म्हणालो, ‘काढ ती सावली.’ ती म्हणाली, ‘पप्पा, आता छापताना काही होत नाही. तुमचं काय हे दर वैशाखात!’ खरंय तिचं. आता काही होत नाही. मशीनं शहाणी झाली. मीच तिथं अडकून पडलोय, सुरतेजवळच्या डिंडोलीतल्या त्या वैशाखात, जेव्हा रूपाली जेमतेम पाळण्यात उभी राहायला लागली होती.

नव्वदीची अखेर चालली होती. मी लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं काम सोडून कॉम्प्युटरवर बसलो त्याला तीन वर्षं झाली होती. साड्यांच्या खोक्यांवरची लेबलं करायचो. लेबल म्हणजे एक सुंदर बाई, हाताची घडी, नाहीतर डोक्यावर पदर. फोटो लावत नव्हतो आम्ही, रेघांनी काढायचो आणि आत रंग भरायचो. गालावर गडद रंगातून फिकट रंगात नेलं की गाल गोल दिसायचा. त्याला आमच्या धंद्यात शेड म्हणतात. माझ्या शेडचं कौतुक व्हायचं हो. सेठ लोक म्हणायचे, ‘मराठीभाई, तमारी बाई तो जीवती लागे छे.’ मी फुगायचो. जिवंत बाई घरात बसलेली होती आणि तिच्याकडे बघायला मला सवड नव्हती.

ती म्हणजे माझी आई. आम्ही तिला माय म्हणायचो. तिचं डोकं दोनेक वर्षांपासून साथ देत नव्हतं. चुलीवर काय ठेवलंय ते विसरायची, कल्पनाला, माझ्या बायकोला, ‘तू कोनी व?’ विचारायची. मला कधी मी म्हणून ओळखायची, कधी माझा मामा समजायची. मामा तिचा एकुलता भाऊ, तिला ‘बाई’ म्हणायचा. आमच्या खानदेशात आखाजीला लग्न झालेल्या लेकींना माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मामा चाळीस वर्षं न चुकता आला. मग वारला. मायनं तेही ऐकलं आणि विसरून गेली.

त्या वर्षी चैत्र लागल्यापासूनच तिनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. एक लुगडं, दोन चोळ्या, नातीसाठी म्हणून लपवलेली बिस्किटं. दाराशी बसायची आणि येणाऱ्या जाणाऱ्याला विचारायची, ‘माले लेवाले कोनी उना नई का रे?’ गल्लीतली माणसं हसून सांगायची, येईल, येईल. आखाजीला चार दिवस उरले होते त्या सकाळी तिनं मला हेच सातव्यांदा विचारलं. मला उशीर झाला होता, लाइट जाण्याआधी एक काम संपवायचं होतं, चपलेचा अंगठा तुटला होता. मी ओरडलो, ‘मेला तो! मामा मेलाय माय, कितीदा सांगू? कुणी येणार नाही तुला न्यायला!’

ती गप्प झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं की गप्प झाली. दुपारी कल्पना रूपालीला घेऊन पाणी भरायला गेली आणि परत आली तेव्हा दाराशी ना माय होती, ना गाठोडं.

पहिला दिवस पळण्यात गेला. उधना स्टेशन, गोडादऱ्याच्या गल्ल्या, लिंबायतचा बाजार, दवाखाने, पोलीस चौकी. चौकीतल्या साहेबांनी विचारलं, ‘ओळखीची खूण?’ मी म्हणालो, हनुवटीवर गोंदण, तीन ठिपके, हिरवे. मायच्या गावी लहानपणीच गोंदायचे. ‘फोटो?’ फोटो नव्हता. म्हणजे होता एक, मामेबहिणीच्या लग्नातला, पन्नास माणसांचा, त्यात मायचं डोकं करंगळीच्या नखाएवढं. तोही रंग उडालेला. भाजीची लारी, म्हणजे हातगाडी लावणारी एक बाई सांगत होती की गाठोडं घेतलेली एक म्हातारी तिला ‘तापी कोठे शे?’ विचारत होती. मायचं माहेर तापीकाठचं. आमच्या ध्यानात आलं, ती नदी धरून माहेरी निघालीय. मग गल्लीतले चारजण सायकली काढून वरच्या अंगाला, कामरेजच्या बाजूला गेले. ऊन असं की सायकलीच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. त्या उन्हात चौसष्ट वर्षांची बाई कुठंतरी चालत होती, आणि तिला पाणी मागण्याइतकी गुजराती येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठरलं, पोस्टर छापायचं. गल्ली माझ्याकडे बघत होती. मीच तर होतो चित्रं काढणारा. शेजारच्या जिजाबाई म्हणाल्या, ‘तुना हातमा कला शे भाऊ, तूच काढ मायनं तोंड.’ मी दुकानात जाऊन बसलो. नखाएवढा चेहरा मोठा केला तर नुसते डाग झाले. म्हणून वरून रेघा मारल्या, जसं लेबलाचं करतो तसं. कपाळ, नाक, पदर.

इथं मी माती खाल्ली. नुसत्या काळ्या रेघांचा साधा चेहरा काढायला तासभर लागला असता. पण माझा हात कुठला थांबतोय! गालाला शेड दिली. कपाळाला शेड दिली. मग वाटलं, माय नेहमी पातळ लुगडं नेसते, पदरातून तिचे केस दिसतात, ते दिसायला हवेत. तर पदराला पारदर्शक केलं. तेव्हा ते सॉफ्टवेअरमध्ये नवीनच आलं होतं, मला त्याची भारी हौस. पडद्यावर माय अशी दिसली की माझे डोळे भरून आले. दुपार कधीच उलटून गेली होती.

मी फाइल घेऊन जयंतीभाईंकडे गेलो. जयंतीभाई म्हणजे आमच्या कामाची फिल्म काढणारे. कॉम्प्युटरमधलं चित्र आधी काळ्या फिल्मवर उतरतं, फिल्मवरून प्लेट बनते, प्लेटवरून कागद छापतो. साठीचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, हातात कायम एक ब्लेड. फिल्मवर धुळीचा कण बसला की तो छापून काळा ठिपका होतो, म्हणून ते प्रत्येक फिल्म काचेच्या टेबलावर उजेडात धरून ब्लेडनं साफ करायचे. त्यांच्यासारखं स्वच्छ काम सुरतेत कुणाचं नव्हतं.

पहिली फिल्म निघाली. मायच्या गालावर पायऱ्या पडल्या होत्या. काळी पट्टी, तिच्याखाली जरा फिकी पट्टी, तिच्याखाली आणखी फिकी. शेड म्हणजे खरं तर एकापुढे एक लावलेल्या पट्ट्याच असतात. पुरेशा असल्या तर डोळा फसतो. मी लहान लेबलांच्या हिशेबानं पट्ट्या ठेवल्या होत्या आणि चेहरा केला होता हातभर. त्यात कपाळाची शेड मी पार पांढऱ्यापर्यंत नेली होती. इतके बारीक ठिपके फिल्मवर धरतच नाहीत, त्यामुळे कपाळ अर्ध्यात कापल्यासारखं संपलं होतं. ‘आ तो सीडी थई गई,’ जयंतीभाई म्हणाले. जिनाच झाला होता. मी दुकानात पळत आलो, पट्ट्या वाढवल्या, शेड पांढऱ्याच्या थोडी अलीकडे थांबवली, परत पळत गेलो. जाता येता दर म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत होतो. तोवर त्यांचं शटर बंद झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरी फिल्म. गाल नीट आला. पण पदर! पदर होता तिथं चौकोनी पांढरं खोकं. एक डोळा त्यात गेला, कान गेला. मशीनला पारदर्शक म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. शाई आहे किंवा शाई नाही, एवढंच तिला कळे. खालचंही दिसावं आणि वरचंही, हे तिच्या डोक्यात शिरेना. मी जयंतीभाईंवर ओरडलो, ‘पडद्यावर बरोबर दिसतंय ना, मग इथंच कसं बिघडतं?’ ते शांतपणे म्हणाले, ‘भाई, पडदा पर तो बधुं सारुं लागे.’ पडद्यावर सगळंच चांगलं दिसतं. त्यांच्या टेबलावर माझी माय पडली होती, एका डोळ्याची, आणि बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं. मला वाटलं आपण इथं फरशीवर बसकण मारावी आणि बोंब ठोकावी.

अक्कल असती तर पदर तिथल्या तिथे काढून टाकला असता. नाही. मी दुकानात आलो, लाइट गेलेली. दोन तास पंख्याविना बसून राहिलो. त्या दोन तासांत मी मायला किती वेळा पाणी पाजलं असेल मनातल्या मनात. लाइट आल्यावर पदर आणि केस एकमेकांवर येत होते तिथले तुकडे पाडायला घेतले, प्रत्येक तुकड्यात वेगळी छटा भरायला लागलो. जमेना. शेवटी हात टेकले आणि सगळा चेहराच रेघांचा होता तो ठिपक्यांचा फोटो करून टाकला. म्हणजे मशीनच्या लेखी आता ना शेड, ना पदर, नुसतं एक सपाट चित्र. मशीन चालवून घेईल. चित्र जरा धुरकट झालं. रेघांची धार गेली. आणि हनुवटीवरचं गोंदण, जे मी तीन टपोरे गोल काढले होते, ते तीन धुरकट कण झाले. तेवढ्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

चौथ्या दिवशी तिसरी फिल्म. तिच्यावरची रिकामी जागा वाया जाऊ नये म्हणून जयंतीभाईंनी माझ्याच एका अगरबत्तीच्या लेबलाचं काम त्याच फिल्मवर शेजारी लावलं. त्या लेबलावर एक दाढीवाले बाबा होते. मी पीसीओवर कल्पनाचा निरोप यायची वाट बघत बसलो होतो, तर फोन जयंतीभाईंचा. ‘दाढी पर कचरो छे. काढी नाखुं?’

मी म्हणालो, ‘हो हो, काढा ना, विचारता काय!’

मला वाटलं, बाबांच्या दाढीत धूळ बसलीय. सुरतेत पंधरा वर्षं काढलेला माणूस मी. गुजरातीत दाढी म्हणजे हनुवटीही, हे मला काय ठाऊक नव्हतं? शंभरदा ऐकलं होतं. पण घाबरलेल्या माणसाचे कान त्याच्या घरच्या भाषेत ऐकतात. तिकडे त्या सज्जन माणसानं उजेडात फिल्म धरून, भिंगातून बघून, जपून जपून ब्लेड चालवलं आणि माझ्या मायच्या हनुवटीवरचं गोंदण साफ केलं.

पोस्टरं हातात आली ती आखाजीच्या सकाळी. कल्पनानं माझ्या वडिलांच्या नावाची घागर भरून ठेवली होती. मातीची नवी घागर, तिच्यावर छोटं पातेलं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज. गेलेल्या माणसाला वर्षाचं पाणी मिळावं म्हणून आखाजीला ती भरतात. सांजोऱ्या केल्या नव्हत्या, कुणाला तळणाचा वास सोसला नसता. गल्लीच्या कडुनिंबाला झोका बांधला होता, पण माझ्या घरासमोरून जाताना पोरी गाणं बंद करायच्या. मी त्या घागरीकडे बघितलं. पुढच्या वर्षी दोन भरायच्या का? मनात आलं ते आलं, काय करणार.

मी गठ्ठा सोडला. जिजाबाईंनी एक पोस्टर उचललं, लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाल्या, ‘हाई कोन शे?’

‘माय.’

‘हाई माय नई शे, भाऊ. मायनं गोंदण कोठे शे?’

मी बघितलं. गोरा गुळगुळीत चेहरा, गोल गाल, पन्नाशीचीसुद्धा न वाटणारी बाई. साडीच्या खोक्यावरची बाई! माझ्या हातानं दुसरं काही निघतच नव्हतं. मी मायच्या सुरकुत्या पुसल्या होत्या, उरलेलं गोंदण जयंतीभाईंनी पुसलं होतं, तेही मला विचारून. खाली तीन भाषांत ठळक लिहिलेलं, हनुवटीवर तीन ठिपके, आणि वर हनुवटी कोरी. मी खाली बसलो. कल्पना काहीतरी बोलत होती, ऐकूच येईना. चार दिवस! चार दिवसांचं ऊन मी शेडच्या नादात घालवलं होतं. तिला घरातून मीच हाकललं आणि आता कागदावरूनही मीच घालवलं.

परत छापायचं म्हणजे परत फिल्म, परत प्लेट, आणि सणाला सगळं बंद. मी रडत होतो, मोठ्यानं, गल्लीसमोर. जिजाबाई माझ्यावर खेकसल्या. ‘रडस काय बायकोनागत! पेन शे का हिरवा?’

माझ्या कामाच्या स्केचपेनांच्या पाकिटात एक हिरवा होता. जिजाबाईंनी पोस्टर पाटावर ठेवलं, डाव्या हातानं कागद ताणून धरला, कातडी ताणतात तसा, आणि तीन ठिपके दिले. आपल्या स्वतःच्या हनुवटीला हात लावून अंतर बघितलं. मग दुसरं पोस्टर. तेवढ्यात शेजारणी आल्या. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावरून उतरून आल्या. हिरवे पेन कुठून कुठून निघाले. अर्धी गल्ली ओट्यावर मांडी घालून माझ्या मायला गोंदत बसली. कुणी म्हणालं, दुखेल गं तिला, हळू. आणि सगळ्या हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. काही ठिपके मोठे, काही बारीक, काही तिरके. काळ्या-पांढऱ्या कागदावर तेवढेच काय ते हिरवे.

ती पोस्टरं गावभर गेली. लूमवर जाणाऱ्यांनी नेली, कंत्राटी कामाला टेम्पोनं जाणाऱ्यांनी नेली. मी पीसीओसमोरच्या बाकावर बसून राहिलो, कारण पोस्टरवर नंबर तिथला होता. फोन वाजला की बूथवाला मान हलवायचा, तुमचा नाही. दोन दिवस. मला जेवण आणून दिलेलं आठवतं, खाल्लेलं आठवत नाही. देवाशी मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. इतकंच मागत होतो, की तिनं जाताना माझं ते वाक्य विसरलेलं असू दे. इतकं सगळं विसरते, तेवढंही विसरू दे.

सातव्या दिवशी दुपारी फोन आला. इच्छापोरहून. चहाची लारी चालवणारा माणूस हिंदीत बोलत होता. ‘चेहरा तो नहीं मिलता भाई, पोस्टर में तो जवान औरत है. लेकिन ठुड्डी पे हरे टिपके हैं, तीन. इसको भी हैं.’

इच्छापोर! हजीऱ्याच्या रस्त्याला, समुद्राकडे. आम्ही नदीच्या वरच्या अंगाला शोधत होतो, जिकडून पाणी येतं, जिकडे खानदेश आहे. माय पाण्याबरोबर खाली खाली गेली होती. तिनं नदी बरोबर धरली होती, फक्त तोंड उलटीकडे होतं. कंत्राटी मजुरांच्या झोपड्यांतल्या एका ओडिया बाईनं तिला चार दिवस भात घातला होता. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

रूपालीला इथपर्यंत सगळं ठाऊक आहे. आजी हरवली, पोस्टर लावलं, सापडली. घरात गंमत म्हणूनही सांगतात आता, पप्पांनी आजीला हिरॉइन केलं होतं म्हणून. मीही हसतो. पुढचं मी तिला कधी सांगितलं नाही, आणि त्या सकाळी मी काय ओरडलो होतो तेही नाही.

लारीच्या मागं कारखान्याच्या भिंतीची सावली होती, तिथं ती बसली होती. पाय सुजून भाकरीएवढे झालेले, ओठ फाटलेले, मांडीवर गाठोडं तसंच. मी पळत जाऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर पडलो, ‘माय, माय’ म्हणालो. ती मागं सरकली. गाठोडं छातीशी घेतलं. मला ओळखलंच नाही तिनं. मी भिंतीवरचं पोस्टर ओढून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. ‘हे बघ, हाई तू शे. हाई माय शे.’

तिनं नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोट उचलून कागदावरच्या हनुवटीला लावलं.

‘गोंदनारीनी वाकडं गोंदं,’ ती म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. नजरेत भीती उरली नव्हती, नुसती थकलेली आशा. आवाज खाली आणून, कुणी ऐकेल म्हणून लाजल्यासारखं तिनं विचारलं, ‘माले लेवाले उना का तू?’

‘हाव, बाई,’ मी म्हणालो. ‘तुले लेवाले उनू. आखाजीले चाल.’

ती लगेच उठली. सुजलेल्या पायांवर उठली, पदर सारखा केला, आणि गाठोडं माझ्या हातात देत म्हणाली, ‘कितला उशीर कया रे भाऊ.’